पाच दिवस फोनशी भांडत

पहिला दिवस

मोठा कॅमेरा या वेळी घरी राहील, असं मी कबूल केलं. म्हणजे भाचीने कबूल करवून घेतलं. "मामा, तू लेन्स बदलतोस तोवर समोरचं सगळं निघून जातं, आणि आम्ही तुझ्या बॅगा सांभाळत उभे." यावर उत्तर नव्हतं. मागच्या दोन्ही सहलींत अगदी हेच झालं होतं. ठरलं: पाच दिवस, दोघांचे दोन फोन, बाकी काही नाही.

मला तशी धास्ती नव्हती. मी रोलच्या काळात शिकलेला. एका रोलमध्ये 36 फोटो, आणि रोल धुऊन येईपर्यंत पहिला कसा आलाय तेही कळायचं नाही. ज्याने ते निभावलं त्याला फोन काय जड, असा माझा समज. उलट पोरीला चार गोष्टी शिकवाव्यात, असा बेत मनात होता. गाडी सुटून दोन तास व्हायच्या आत तो बेत उलटला.

खिडकीतून मी वीस-बावीस फोटो काढले होते. डोंगर, नदी, पूल. सगळे दुधात बुडवून काढल्यासारखे, आणि आकाशाच्या मधोमध माझ्याच शर्टाचे पट्टे तरंगत असलेले. भाचीने फोटो पाहिलेच नाहीत. तिने फोन उलटा केला, कॅमेऱ्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि टी-शर्टच्या टोकाने पुसली. "काढ आता."

फरक लाज वाटावी इतका होता. फोन हातात धरला की बोट नेमकं त्या काचेवर टेकतं. बोटाचं तेल तिथे पसरतं, आणि मग उजेड सरळ आत न जाता फाकतो. दिव्यांना शेपट्या फुटतात, काळ्याचं करडं होतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सला कुणी बोट लावलं तर मी खेकसतो, आणि हा फोन मात्र वर्षभर किल्ल्यांसोबत खिशात.

शर्टाच्या पट्ट्यांवरचा उपाय मला ठाऊक होता, निदान तेवढी अब्रू राहिली. फोन खिडकीच्या काचेला टेकवायचा आणि कडेने तळहाताचा आडोसा धरायचा. डब्यातल्या उजेडाला लेन्ससमोर चमकायला फटच उरत नाही.

रुळालगतचे खांब मात्र सगळे एका अंगाला कललेले आले. भाचीला वाटलं फोन वाकडा धरला. तसं नव्हतं. फोनचा सेन्सर सगळं दृश्य एका दमात टिपत नाही, ओळीओळीने वाचत जातो. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पोहोचायला लागतो सेकंदाचा बारीकसा तुकडा, पण तेवढ्यात जवळचा खांब सरकलेला असतो. दूरचा डोंगर तितका सरकत नाही म्हणून तो सरळ. धावत्या गाडीतून जवळचं टाळावं, दूरचं घ्यावं. यापलीकडे त्यावर औषध नाही.

दुसरा दिवस

पहाटे दार उघडलं तर अंगण नाहीच. धुकं उंबरठ्यापर्यंत आलेलं. आम्ही तोंडं धुवायच्या आधी बाहेर पडलो.

डोळ्यांना दिसत होतं ते पांढरंशुभ्र, आतून उजळलेलं. फोनमध्ये आलं ते करडं, मळकट, धुराड्याजवळ काढल्यासारखं. भाचीने लगेच फिल्टर शोधायला घेतला. मी म्हटलं, थांब, हे रोलच्या काळातलंच दुखणं आहे. प्रकाश मोजणारी यंत्रणा जन्मापासून एकच गोष्ट धरून चालते: समोर काहीही असो, सरासरी काढली तर ते मध्यम करडं निघणार. छायाचित्रकार 18 टक्के करडा म्हणतात तो हा. बहुतेक वेळा हा अंदाज चालून जातो. पण समोर नुसतं धुकं असलं, बर्फ असलं, पांढरी भिंत असली की यंत्रणा म्हणते, उजेड फारच झाला, कमी करा. आणि पांढऱ्याचं करडं करून ठेवते. आताचे फोन समोर काय आहे ते ओळखायला बरंच शिकलेत, तरी धुक्यात हमखास फसतात.

उपाय एका बोटाचा. पडद्यावर बोट टेकवलं की चौकोन उमटतो आणि त्याच्या कडेला सूर्याचं चिन्ह. ते वर सरकवायचं. मी सरकवलं तसं धुकं पुन्हा धुकं झालं. भाची म्हणाली, "म्हणजे फोन सांगतोय त्याच्या उलट करायचं?"

नेहमी उलट नाही. पण फोन काय ठरवणार आहे ते आधी ओळखायचं, आणि पटत नसेल तर सांगायचं, नाही. पाच दिवस आमचं मग हेच चाललं.

थोडं वर गेल्यावर भिजलेला काळा कातळ लागला. इथे फोनने बरोब्बर उलटा घोळ घातला: अंधार फार आहे म्हणून उजेड वाढवला आणि कातळाची राख केली. सूर्य खाली सरकवला, कातळ काळा झाला आणि त्यावरून ओघळणारं पाणी चांदीच्या तारेसारखं उठून आलं. फोन जरा हलवला की तो सगळं पुन्हा मोजायला बसतो, म्हणून बोट दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. मग फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद. हे कुलूप भाचीला ठाऊक नव्हतं. चार वर्षं ती फोन वापरतेय. मी मनातल्या मनात पहिल्या दिवसाची फिट्टंफाट केली.

समोरच्या धारेवर एकच झाड होतं, धुक्याच्या वर डोकं काढलेलं. मी दोन बोटं ताणून 10 पट झूम केलं. पडद्यावर झक्क दिसलं. नंतर मोठं करून पाहिलं तर झाड नव्हे, पाण्यात सांडलेला रंग. याचा हिशेब सोपा आहे. माझ्या फोनला दूरची लेन्स नाही. ज्याला असते त्याच्या 3 किंवा 5 च्या बटणामागे खरी लेन्स असते, पण माझं झूम म्हणजे निव्वळ कात्री. 12 मेगापिक्सेलच्या, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांच्या, फोटोतून रुंदीचा दहावा आणि उंचीचा दहावा हिस्सा ठेवला, म्हणजे शंभरातला एक. उरले 1 लाख 20 हजार पिक्सेल. 2000 साली जपानमध्ये शार्पचा जे-एसएच04 हा कॅमेरावाला फोन आला, त्याचा कॅमेरा 1 लाख 10 हजार पिक्सेलचा होता. दोन बोटं ताणून मी थेट त्या सालात जाऊन पोहोचलो होतो.

"मग पायाने झूम कर," भाची म्हणाली. गेलो. वीस मिनिटांची चढण, धापा टाकत झाडापाशी पोहोचलो, आणि वळून पाहतो तर धुक्याने झाडासकट आम्हालाही गिळलेलं. पायाच्या झूमची ही बाजू कोणी सांगत नाही.

पण तिथेच, झाडाच्या बुंध्याशी, दोन काटक्यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं. धुक्याचे थेंब प्रत्येक धाग्यावर ओळीने ओवलेले, कडेचे मोहरीएवढे, मधले त्याहून बारीक. मोठ्या थेंबांत डोकावलं तर प्रत्येकात झाड उलटं, खाली आकाश. फोनला जाळं दिसेचना. तो धाग्यांच्या आरपार बघून मागच्या गवतावर फोकस करायचा, मग गोंधळून पुढे, पुन्हा मागे. शेवटी मी भाचीला जाळ्याच्या जरा मागे, जवळजवळ धाग्यांना लागून, तळहात धरायला लावला. फोनला हात दिसला, त्यावर फोकस बसला, बोट दाबून कुलूप लावलं. मग ती म्हणाली, "काढू?" आणि अलगद हात काढला. जाळं लख्ख.

आणखी एक खोडी इथे कळली. अगदी जवळ गेलं की बरेच फोन न विचारता रुंद दृश्याच्या लेन्सवर उडी मारतात, कारण तीच दोन-तीन सेंटीमीटरवरून फोकस करू शकते. फोटो येतो, पण तितक्या जवळ आपलीच सावली पडते आणि कोळी पळतो. त्यापेक्षा वीतभर मागे सरून 2 पट झूम बरं. आमचा कोळी शेवटपर्यंत बसून होता.

तिसरा दिवस

पाऊस. दुपारपर्यंत खोलीतच. खोली गार, बाहेर दमट, त्यामुळे दार उघडून फोन बाहेर काढला की काचेवर लगेच वाफ धरायची. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. फोन दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा, बाहेरच्या हवेएवढा गरम होईपर्यंत. हे समजेपर्यंत भाचीने दोनदा चिडून फोन पलंगावर आपटला होता.

उघडीप मिळाली तेव्हा ओढ्यावर गेलो. ओले पडदे बोटाचं ऐकत नाहीत, थेंबालाच बोट समजतात, तेव्हा आवाज वाढवायचं बटण दाबून फोटो काढायचे. ओढ्याच्या तळाचे गोटे डोळ्यांना दिसत होते, फोटोत मात्र नुसतं पांढरं आभाळ चमकत होतं. माझ्याकडे पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक अडवणाऱ्या काचांचा, गॉगल होता. त्याची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवली. एका ठिकाणी आल्यावर चमक कुणीतरी पुसून काढल्यासारखी गेली आणि गोटे वर आले, तांबूस, हिरवट, एकावर शेवाळाची दाढी. अगदी उभ्याने खाली पाहिलं तर हे जमत नाही आणि पाण्याला समांतर पाहिलं तरी नाही. उभ्या रेषेपासून साधारण 53 अंशांवरून पाहिलं तर सर्वांत चांगलं जमतं. आम्ही अंश मोजले नाहीत, उकिडवे बसलो.

परत येताना पुन्हा पाऊस. बाकी दिवसात सांगण्यासारखं काही नाही.

चौथा दिवस

आकाश धुऊन निघालेलं. डोंगर उतरून तळ्याकाठी आलो. दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि त्या उन्हात माणसांचे फोटो काढण्यात अर्थ नसतो. भुवयांची सावली डोळ्यांत पडते, सगळे रात्रभर जागल्यासारखे दिसतात. भाचीला झाडाच्या सावलीत उभं केलं, आत खोल नाही, सावली संपते त्या कडेला, तोंड उजेडाकडे. चेहरा एकसारखा उजळला. मी मात्र तिला नाकाशी जाऊन टिपलं आणि तिने फोटो पाहून विचारलं, "माझं नाक असं आहे?" नाही. फोनच्या मुख्य लेन्सला खूप रुंद दिसतं, त्यामुळे फ्रेम भरायला आपण जवळ जातो, आणि जवळून नाक कानांपेक्षा बरंच पुढे असतं. चार पावलं मागे सरून 2 पट झूम केलं, नाक जागेवर गेलं. पोर्ट्रेट मोडही करून पाहिला. त्याने मागचं तळं छान धूसर केलं आणि सोबत तिच्या उडणाऱ्या केसांच्या चार बटाही. मागचं खरोखर दूर असेल, तिथे मला तो मोड लागतच नाही.

संध्याकाळी खरं भांडण झालं.

सूर्य पाण्याला टेकायला आला. लाकडी धक्का तळ्यात पुढे गेलेला, त्याच्या टोकाला भाची उभी, मागे सगळं पेटलेलं. मी फोटो काढला आणि फोनने तो "सुधारला". काळोखात होतं ते सगळं वर ओढलं. तिचा चेहरा दिसला, शर्टाचा रंग दिसला, धक्क्याच्या फळ्यांमधले खिळेसुद्धा दिसले. आणि आकाशातली आग विझली. बोट एकदा दाबलं तरी आत एकामागून एक बऱ्याच फ्रेम टिपल्या जातात, त्यांतला उजळलेला भाग एकीतून, अंधारातला दुसरीतून घेऊन जोडणी होते. भर दुपारी हे वरदान आहे. पण फोनचा स्वभाव यजमानासारखा: कोणीही अंधारात राहता कामा नये. संध्याकाळी मला नेमकं कोणीतरी अंधारात हवं होतं.

मी बोट आकाशावर टेकवलं, सूर्याच्या अगदी जवळ, पण सूर्यावर नाही. कुलूप लावलं, उजेड खाली, अजून खाली. पडद्यावर भाची हळूहळू काळी होत गेली, मग नुसती कडा उरली. आता कळलं की तिचा एक हात अंगाला चिकटलाय आणि ती माणूस न दिसता खांब दिसतेय. "हात सोड, मान वळव!" ओरडलो. तिने मान वळवली, नाकाची रेघ आकाशावर उमटली. तो फोटो मिळाला.

क्षितिज कुठे ठेवायचं यावरही वाद झाला. पडद्यावर ग्रिडच्या रेघा असतात त्यांवर, म्हणजे तिसऱ्या हिश्शावर ठेव, असं ती शिकलेली. हा नियम फोनपेक्षा बराच म्हातारा आहे. 1797 साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो निसर्गचित्रांसाठी मांडला, तेव्हा फोटो हा प्रकारच नव्हता. मी मात्र त्या दिवशी क्षितिज बरोबर मध्ये ठेवलं. पाणी इतकं निश्चल होतं की वर आग, खाली आग, आणि मधून एक रेघ. ग्रिड मी वापरतो तो रेघ सरळ आहे ना ते बघायला. तळं एका बाजूला सांडतंय असं दिसणारे माझे जुने फोटो डबाभर आहेत.

सूर्य बुडाला तशी बरीच मंडळी उठून गेली. ही चूक आम्ही केली नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं राहतं, इतकं गडद निळं की काठावरचे पिवळे दिवे त्यात टाचल्यासारखे दिसतात. पूर्ण अंधारात तेच दिवे काळ्यावरचे नुसते ठिपके होतात.

मग नाइट मोड. हातात धरून हा साधारण तीन सेकंदांपर्यंत उजेड गोळा करतो. फोन कुठेतरी टेकवला, हलत नाही अशी त्याची खात्री पटली, तर काही फोन तीस सेकंदांपर्यंतही जातात. आम्ही फोन धक्क्याच्या कठड्यावर ठेवला, मागून बुटाचा टेकू दिला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. बोट दाबतानाचा हादरा तेवढ्यात विरतो. पहिल्या फोटोत रात्रीची दुपार झालेली. पुन्हा तेच यजमानपण. उजेड खाली ओढला, रात्र परत आली.

त्या फोटोत धक्क्यावर येणारी-जाणारी माणसं धुराच्या पट्ट्यांसारखी निघाली. एकच जण स्पष्ट होता, दोर गुंडाळून झाल्यावर पाण्याकडे बघत थांबलेला नाववाला. भाचीला मी दागेरची गोष्ट सांगितली. 1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेरने वरच्या खिडकीतून एका मोठ्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण फोटो उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे गाड्या, घोडे, पादचारी कोणीच उमटलं नाही. उमटला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा माणूस. आपण फोटोत उमटतोय याचा त्या माणसाला पत्ताच नव्हता. भाची बराच वेळ नाववाल्याकडे बघत होती. मग जाऊन त्याला फोटो दाखवून आली. तो हसला आणि म्हणाला, दोर नीट आलाय.

चंद्र उगवला तेव्हा मी हात जोडले. डोळ्यांना केवढा वाटतो, पण आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. मुख्य लेन्सच्या 12 मेगापिक्सेल फोटोत तो 25-30 पिक्सेलांचा ठिपका होतो. त्यात फोन सगळं आकाश काळं बघून उजेड वाढवतो आणि त्या ठिपक्याचा दिवा करून टाकतो. चंद्रावर भरदुपारचं ऊन असतं, हे त्याला कोण सांगणार. मी उजेड शेवटपर्यंत खाली ओढला. एक बारीक, नेमकी गोल टिकली मिळाली, बाकी सगळं काळं. भाचीने पाण्यात पडलेला त्याचा पट्टा टिपला, तो माझ्यापेक्षा चांगला आला. आपण मान्य करतो.

पाचवा दिवस

परतीची गाडी. दोघांचे मिळून 643 फोटो. छत्तीसच ठेवायचे असं मी जाहीर केलं आणि पुलाच्या आसपास तलवार म्यान केली. 41 उरले. खोडताना एक लक्षात आलं: एकाच गोष्टीचे नऊ-नऊ फोटो होते, आणि चांगला जवळजवळ नेहमी शेवटच्या दोनांत. पहिले सात म्हणजे फोनने जे पुढे केलं ते आम्ही मुकाट्याने घेतलेलं. जाळ्याचा मात्र एकच होता.

ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, फोटो पाठवायचे होते. मेसेजमधून नुसता फोटो टाकला तर तो वाटेत चेपून लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवले, तसे ते जसेच्या तसे जातात. पाठवता पाठवता मी 1997 ची गोष्ट काढली. फिलिप कान नावाच्या माणसाने नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो हॉस्पिटलमधूनच फोन, डिजिटल कॅमेरा आणि लॅपटॉप जोडून लोकांना पाठवला, आणि फोनवरून फोटो पाठवायची सुरुवात तिथली मानतात. "मामा, तू प्रत्येक गोष्टीला साल का सांगतोस?" भाची म्हणाली आणि धक्क्यावरचा तिचा फोटो पाठवला. आकाश पेटलेलं, ती काळी, नाकाची रेघ.

दोन मिनिटांत ताईचं उत्तर आलं: "बाकी सुंदर! पण हिचा चेहरा काळा का आलाय? जरा उजेड वाढवून पाठव ना."

भाचीने ते वाचून माझ्यासमोर धरलं. "आई पण फोनच आहे," ती म्हणाली.